वरातीची गाडी

सदू मिस्त्रीचा उभा जन्म उल्हासनगरच्या कॅम्प पाचमध्ये रिक्षांचे क्लच बदलण्यात गेला. मनासारखी गाडी हाती आली ती थेट पन्नाशीला टेकल्यावर. बदलापूरची जमीन बिल्डरला देऊन बसलेल्या विक्रांतने एक जुनी, लांबलचक ऑटोमॅटिक गाडी घेतली होती आणि तिचा टॉर्क कनव्हर्टर गेला होता.

"मिस्त्री, तुम्हाला काय बरोबर वाटेल ते टाका. आपल्याला टेन्शन नाय," एवढं सांगून तो मोकळा झाला.

अशा गाडीला क्लच नसतो. इंजिन आणि गिअरच्या मध्ये तेलाने भरलेला हा गोल डबा असतो, त्या तेलाच्याच जोरावर चाकं फिरतात. भंगारवाल्याकडे दोन डबे मिळाले. एक गरीब स्वभावाचा, इंजिन जरा फिरलं की पकड घेणारा. दुसरा शर्यतीचा, इंजिन चांगलं बोंबलेपर्यंत ढिला राहायचा आणि मग गाडी एकदम उसळवायचा. पण गाडी हळू चालवली तर तो आतल्या आत तेल घुसळून तापवत बसणार. रोजच्या रस्त्याला पहिलाच हवा, हे सदूला पक्कं ठाऊक होतं. तरी शहाण्याने दुसरा बसवला. जन्मभर फटफटणाऱ्या रिक्षा ऐकल्या, आपल्या हातची एक तरी गाडी झेपावलेली बघू, एवढीच हौस. अंबरनाथच्या मोकळ्या रस्त्यावर ती सुटली तेव्हा विक्रांतने त्याला मिठी मारली.

त्याच खुशीत विक्रांतने सदूच्या मुलीच्या, शलाकाच्या, वरातीला गाडी देऊ केली. सदूला आधी तो डबा आठवला. वरात म्हणजे बँडच्या मागे पावलापावलाने सरकणं, नाचणारे थांबले की थांबणं. डबा बदलायचा तर अख्खा गिअरबॉक्स उतरवावा लागणार, आणि चुकीचा बसवला होता हे विक्रांतला सांगावं लागणार. तेवढं सांगायला त्याची जीभ रेटेना.

शलाका गॅरेजातच लहानाची मोठी झालेली. तिने विचारलं, "बाबा, ती हळू चालेल ना?"

"माझ्या हातची गाडी आहे," सदू म्हणाला.

मुलीचा बाप वरातीबरोबर जात नाही. पाठवणी करून, डोळे पुसून, हॉलची आवराआवर उरकून तो खुर्चीवर टेकतो न टेकतो तोच शलाकाच्या सासरहून, चिखलोलीहून फोन आला. तो रिक्षाने धावला. नवरदेवाच्या गल्लीच्या तोंडाशी गाडी बंद पडून आडवी उभी होती, जळक्या तेलाचा वास सुटला होता आणि बँड गप्प होता. दुपारी गळाभेट घेतलेले व्याही शरदचंद्र लोकांना म्हणाले, "सरका जरा, मेकॅनिक आलाय."

रिक्षावाल्याचा पाना मागून घेऊन, मुलीच्या लग्नाला शिवलेल्या नव्या सफारीत सदू गाडीखाली शिरला. करण्यासारखं काहीच नव्हतं. पण बाहेर यायचं धाडस होईना, म्हणून तिथेच पडून राहिला. वर दार उघडलं. शलाका शालू सावरत खाली उतरली आणि चाकापाशी वाकली.

"तुम्हाला माहीत होतं ना, बाबा?" तिने हळूच विचारलं.

सदूने पान्याने उगाच एक बोल्ट आवळला. मग तिची मेंदीची पावलं वळली आणि सासरच्या दाराकडे पायीच निघाली. बँड पुन्हा वाजू लागला. सदू तोच बोल्ट आवळत राहिला.