गाडी मागे घेताना

टँक जळगावच्या मालधक्क्यावर येणार होता, त्याच्या आदल्या दिवशी दुपारी माझ्या नावाची चिठ्ठी कापसाच्या जिनिंगच्या फाटकावर आली. फौज सोडून मला आठ वर्षं झाली होती. एका जिनिंगमध्ये मी मशिनरी बघत होतो. स्मारक समितीच्या त्या चिठ्ठीत तीन ओळी होत्या. शहरात स्मारक म्हणून जुना सेंच्युरियन टँक येत आहे. तो चालवलेला माणूस हवा आहे. उद्या सकाळी सहा वाजता मालधक्क्यावर हजर राहावे.

मी साडेपाचला पोचलो.

टँक म्हटलं की लोकांना तोफ दिसते. आम्हाला आतल्या चार जागा दिसतात. वर बुरुजात तिघं असतात: कमांडर, तोफ डागणारा गनर आणि गोळा भरणारा लोडर. ड्रायव्हर पुढच्या बाजूला, खाली, एकटा. त्याला मागचं काहीही दिसत नाही. गाडी मागे घ्यायची झाली की कमांडर वरच्या झाकणातून छातीपर्यंत बाहेर उभा राहतो, मागे बघतो आणि हेडफोनवर सांगत जातो. ड्रायव्हर त्या आवाजावर गाडी मागे नेतो. आम्ही टँकला गाडीच म्हणतो. मी चौदा वर्षं ड्रायव्हर होतो.

सपाट वॅगनवर ताडपत्रीखाली ती उभी होती. ताडपत्री काढली तेव्हा जमलेले लोक पुढे सरकले. इंजिन काढून घेतलेलं होतं, तोफ आतून कायमची बंद केलेली होती, आणि पत्र्यावरून हात फिरवला की तळव्याला गंज लागत होता. स्मारक समितीचे गुरुजी, म्हणजे निवृत्त हेडमास्तर, माझ्याजवळ आले. मी दफेदार, म्हणजे टँक रेजिमेंटमधला हवालदार, म्हणून निवृत्त झालो होतो; ते मला त्याच हुद्द्याने हाक मारत.

"दफेदार, लढाईतला हाच का तुमचा टँक?"

"नाही, गुरुजी. याच जातीचा. हा दुसऱ्या कुणाचा तरी."

ते जरा हिरमुसले.

गाडी वॅगनवरून धक्क्याच्या उतारावर उलटी उतरवायची होती. मागून बुलडोझर दोरखंडाने ओढणार होता. पण ब्रेकवर माणूस हवा होता, नाहीतर पन्नास टनांचं धूड उतारावर कुणाचं ऐकणार नव्हतं. मी म्हणालो, मी बसतो. ट्रॅक्टर गॅरेजचे सलीम मिस्त्री कमांडरच्या जागी चढले. हेडफोन नव्हताच. ते वरून ओरडून सांगणार होते.

मी ड्रायव्हरच्या सीटवर उतरलो. सीटचं रेग्झिन फाटलं होतं. आत ग्रीसचा जुना वास तसाच होता.

"नाना, सोडा ब्रेक. येऊ द्या मागं."

माझा पाय उठेना. वरून मिस्त्रींचा आवाज परत आला. मग तिसऱ्यांदा आला. बुलडोझरवाला काय झालं म्हणून विचारायला खाली उतरला. शेवटी मिस्त्री बुरुजावरून वाकून खाली माझ्याकडे बघत हळूच म्हणाले, "नाना, मी आहे इथं. घाई नाही आपल्याला."

मी ब्रेक सोडला. गाडी सात मिनिटांत खाली उतरली. थंडीचे दिवस होते, पण बाहेर आलो तेव्हा माझा शर्ट पाठीला चिकटला होता.  मिस्त्रींनी थर्मासमधला चहा झाकणात ओतून पुढे केला.

तिथून पुढे दोन महिने आम्ही दोघं रोज संध्याकाळी चार ते सात त्या गाडीवर होतो. मैदानाच्या कडेला कट्टा बांधून होईपर्यंत ती कडुनिंबाखाली उभी होती. आधी रॉकेल आणि तारेचा ब्रश. मग चाकांवरच्या लोखंडी पट्ट्याच्या गंजलेल्या खिळ्यांमध्ये तेल सोडायचं, दुसऱ्या दिवशी घणाने ठोकून बघायचं, पुन्हा तेल. बुरुजात गांधीलमाशांनी घर केलं होतं. ते धूर करून काढलं. मग रेड ऑक्साइडचे दोन हात.

हिरव्या रंगावर मात्र आम्ही अडलो. रंगाच्या दुकानातल्या शेठजींनी पहिल्यांदा दिला तो शाळेच्या बाकांचा हिरवा निघाला. दुसऱ्यांदा दिला तो पोपटी. तिसऱ्या दिवशी मी माझी जुनी फौजी जर्सी घेऊन गेलो. शेठजींनी ती उन्हात धरली, उलटी करून शिवणीच्या आतला न विटलेला रंग पाहिला आणि स्वतः बसून काठीने डबा ढवळत राहिले. थोडा काळा, थोडा पिवळा. दीड तास गेला. शेवटी जर्सीच्या बाहीवर एक थेंब टाकला, तो दिसेना.

"झालं," ते म्हणाले. "जर्सी खराब केली तुमची."

"राहू द्या," मी म्हणालो.

कट्ट्यावर एक काळा दगड बसायचा होता. त्यावर जिल्ह्यातल्या शहीद जवानांची नावं. गुरुजींनी मला यादी दाखवली. सातव्या ओळीवर दफेदार हिलाल, तालुका भडगाव. मी यादी परत दिली.

"ओळखत होता?" त्यांनी विचारलं.

"माझे कमांडर होते."

"मग त्यांच्या घरच्यांना तुम्हीच आमंत्रण द्यायला जा."

"तुम्ही पत्र पाठवा, गुरुजी," मी म्हणालो. भडगाव जळगावपासून दोन तासांवर. एवढ्या वर्षांत मी एकदाही तिथे गेलो नव्हतो.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी दुपारी बाराच्या सुमारास मी पट्ट्यांना शेवटचा काळा हात देत होतो. एक बाई हातात कापडी पिशवी घेऊन कट्ट्याखाली येऊन उभ्या राहिल्या. वय बेचाळीस-त्रेचाळीस.

"नाना कोणते?"

"मीच."

"मी भडगावहून आली. हिलाल दफेदारांची मंडळी."

मी ब्रश डब्यात ठेवला. हात रॉकेलने पुसले. त्यांचं नाव शांताबाई हे मला माहीत होतं. त्यांची पत्रं हिलालभाऊ गाडीच्या सावलीत बसून वाचायचे.

"वहिनी, कार्यक्रम उद्या आहे."

"माहीत आहे. उद्या गर्दी राहील. मला आज बघायचं होतं, ते कुठं उभे राहायचे."

मिस्त्रींनी शिडी लावली आणि चहा सांगतो म्हणून निघून गेले. शांताबाई पदर खोचून वर चढल्या. मी कमांडरचं झाकण उघडून दिलं. त्या आत उतरल्या, उभ्या राहिल्या, दोन्ही हात काठावर ठेवले. झाकणाची कड त्यांच्या खांद्यापर्यंत येत होती.

"त्यांची छाती बाहेर यायची," मी म्हणालो. "उंच होते."

"उंच होते," त्या म्हणाल्या. मग मैदानाकडे बघतच विचारलं, "रेजिमेंटच्या पत्रात होतं, जागीच गेले. तुम्ही पण पत्रात तेच लिहिलं होतं. तसंच झालं का?"

मी बुरुजावर बसलो. वीस वर्षं होत आली होती. कुणी विचारलं नव्हतं, म्हणून मी सांगितलं नव्हतं.

"नाही, वहिनी," मी म्हणालो, आणि सगळं सांगितलं.

एकाहत्तरच्या डिसेंबरात आम्ही पश्चिम सीमेवर होतो. समोर सुरुंग पेरलेलं शेत होतं. इंजिनियर्सनी त्यातून एक लेन मोकळी करून दोन्ही बाजूंनी पांढरी पट्टी लावली होती. लेन गाडीच्या रुंदीपेक्षा हातभर जास्त. दुपारी अडीचला आमचा ट्रूप, म्हणजे गाड्यांची तुकडी, आत शिरला. आमच्या पुढची गाडी लेनच्या टोकाशी जरा उजवीकडे सरकली आणि सुरुंगावर चढली. तिचा पट्टा तुटला, रस्ता बंद झाला. तिची माणसं उतरून पायी मागे गेली. आम्हाला वळायला जागा नव्हती. समोरून मॉर्टरचा, म्हणजे उखळी तोफांचा, मारा सुरू झाला.

रेडिओवर आमच्या गाडीला, चार्ली टूला, हुकूम आला. "चार्ली टू, लेन से वापस आओ. ओव्हर."

"चार्ली टू, वापस आ रहा हूँ. आउट."

हिलालभाऊंनी उत्तर दिलं आणि मग हेडफोनवर मला म्हणाले, "ड्रायव्हर, रिव्हर्स."

वेळ दोन चाळीस. मी गियर टाकला आणि माझा पाय क्लचवरून सुटला. इंजिन बंद पडलं. चौदा वर्षांच्या नोकरीत असं माझ्या हातून तीन-चार वेळाच झालं असेल. त्यातलं एक तेव्हा. स्टार्टर एकदा दाबला, दोनदा दाबला, तिसऱ्यांदा इंजिन उठलं. मिनिटभर गाडी उभी होती. त्या मिनिटात डाव्या बाजूला गोळा पडला. पत्र्यावर मूठभर खडी फेकावी तसा आवाज झाला.

"भाऊ?" मी म्हणालो.

क्षणभर काही नाही. मग आवाज आला. "मी शे ना वर. ये मांगे."

मी आहे ना वर, मागे ये, असं ते आमच्या अहिराणीत म्हणाले. आम्ही दोघंच खानदेशी. गनर हरियाणाचा, लोडर साताऱ्याकडचा. ड्युटीवर हिलालभाऊ कधी अहिराणी बोलत नसत. त्या दिवशी लेन संपेपर्यंत दुसऱ्या भाषेत बोलले नाहीत.

"ये. सरळ ये. जराखा डावाले. बस. आते सरळ. ये, ये, मी देखी राहिनू ना."

मी बघतोय ना, असंच सांगत राहिले, अकरा मिनिटं. आवाज चढला नाही, घाईचा झाला नाही. एकदा फक्त लांबला, मी थांबलो, तर म्हणाले, "का थांबना? ये." दोन बावन्नला पांढऱ्या पट्ट्या संपल्या. ते म्हणाले, "ड्रायव्हर, हॉल्ट." पुन्हा फौजी भाषेत. त्यानंतर हेडफोन शांत झाला. मग गनर ओरडला. त्याच्या खांद्यावर वरून रक्त ठिबकत होतं, आणि ते किती वेळ ठिबकत होतं हे त्याला कळलंच नव्हतं. गोळ्याचा तुकडा हिलालभाऊंच्या बरगडीखाली लागला होता. गाडी बंद पडली होती त्या मिनिटातच लागला होता. ॲम्ब्युलन्स जीप पोचली तेव्हा ते गेले होते.

"गाडी माझ्या पायानं बंद पडली, वहिनी," मी म्हणालो. "नाहीतर तो गोळा मोकळ्या जागेवर पडला असता. म्हणून मी कधी भडगावला आलो नाही."

 शांताबाई झाकणातून मागे वळून कडुनिंबाकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "परत सांगा. काय बोलत होते ते."

मी परत सांगितलं. जसं आठवतं तसं, शब्दाला शब्द.

"बैलगाडी मांगे लेतांना असंच बोलेत," त्या म्हणाल्या. "खळ्यात. बैल बिचकले की कधी चाबूक उचलला नाही. मी देखी राहिनू ना, म्हणत राहायचे. बैलांना काय समजायचं कोण जाणे, पण यायचे." त्यांनी पदराने डोळे टिपले. "मला वाटायचं, त्यांना कुणाशी एक शब्द बोलायला पण वेळ मिळाला नाही. अकरा मिनिटं बोलले म्हणता."

"हो."

"मग पायाचं मनातून काढा, भाऊ. कुणाचाही पाय सुटतो." त्यांनी हात पुढे केला. मी त्यांना झाकणातून वर घेतलं. खाली उतरल्यावर त्या म्हणाल्या, "माझे सासरे आहेत अजून. उद्याच्या गर्दीत त्यांना आणवत नाही. तुम्ही घरी या. हे सगळं त्यांच्यासमोर सांगा."

दुसऱ्या दिवशी कार्यक्रम झाला. बिगुल वाजला, भाषणं झाली. हाच तो टँक, असं गुरुजी बोलले नाहीत, त्याबद्दल मी त्यांचा आभारी आहे. शांताबाई पहिल्या रांगेत होत्या. मी आणि सलीम मिस्त्री मागे कडुनिंबाखाली उभे होतो.

पुढच्या रविवारी मी भडगावची पहिली एसटी धरली. घर गिरणा नदीच्या बाजूला होतं. हिलालभाऊंचे वडील, आबा, ओट्यावर घोंगडीवर बसले होते. वय ऐंशीच्या पुढे. ऐकू कमी येत होतं, म्हणून मी जवळ बसून मोठ्याने सांगितलं. सगळं सांगितलं, क्लचचं सुद्धा. शेजारची माणसं दारात येऊन उभी राहिली होती. आबांनी मधे एकदाही अडवलं नाही. संपल्यावर विचारलं,

"गाडी निंघनी बाहेर?"

"निंघनी, आबा."

"पोरे बठ्ठा?" बठ्ठा म्हणजे सगळी.

"आम्ही तिन्ही जण निंघनूत."

त्यांनी माझा हात धरला आणि तळवा उलटा करून बघितला. पट्ट्यांचा काळा रंग नखांत अजून होता. मग ते आतल्या बाजूला बघत सुनेला म्हणाले, "शांता, याले वाढ. हिलालना माणूस उना शे."

हिलालचा माणूस आला आहे म्हणून शांताबाईंनी ताट वाढलं. मी जेवलो. संध्याकाळपर्यंत बसलो. आबांनी मला हिलालभाऊंच्या लहानपणच्या गोष्टी सांगितल्या. ते दहा वर्षांचे असताना गिरणेला पूर आला होता, तेव्हा त्यांनी पलीकडे अडकलेली वासरं एकेक करून आणली होती.

गनरला आता हरियाणात दोन नाती आहेत. लोडर साताऱ्याजवळ पिठाची गिरणी चालवतो. मी जळगावात आहे. दफेदार हिलाल, टँक कमांडर, राहणार भडगाव, गेले तेव्हा एकतीस वर्षांचे होते.