साडूंच्या मेतकुटाची वेबसाइट

माणूस जन्माला घालण्यापूर्वी देव जेवढा विचार करत नसेल, तेवढा आमचे साडू टूथब्रश घेण्यापूर्वी करत. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, आमच्या ताईंचे यजमान. नोकरी एका बँकेत, राहायला नाशिकला इंदिरानगरमध्ये, आणि स्वभावाने चौकशीखोर. हा शब्द लोक कुचेष्टेने वापरतात, पण साडूंच्या बाबतीत तो पदवीसारखा लावायला हवा. छताचा पंखा घ्यायला गेले तर दुकानात तो टांगायला लावून, खाली खुर्ची टाकून ते सबंध वर्तमानपत्र वाचत. एकदा तर तिथेच त्यांना डुलकी लागली. जागे झाल्यावर दुकानदाराला म्हणाले, "झोप बरी लागली, पण वारा जरा डावीकडूनच जास्त येतो." एसटीत चढण्यापूर्वी ते ड्रायव्हरला "रात्री झोप झाली ना नीट?" असं विचारत, आणि तेही इतक्या मायेने, की एका ड्रायव्हरने स्टीयरिंगवर हात ठेवून त्यांना घरातली सगळी भांडणं सांगितली आणि गाडी त्यामुळे उशिरा सुटली. स्वतःसाठी मुलगी बघायला गेले तेव्हा बरोबरचे लोक गाणं येतं का, स्वयंपाक येतो का वगैरे विचारत होते. साडूंनी एकच प्रश्न विचारला, "तुमच्याकडे पाणी किती वाजता येतं?" ताई अजून सांगतात, "मला वाटलं, नगरपालिकेचा माणूस चुकून आत आला."

बँकेने स्वेच्छानिवृत्ती दिली आणि एवढी मोठी चौकशी करण्याची शक्ती एकदम मोकळी झाली. घरात तिच्यासाठी पुरेसं कामच नव्हतं. डाळीत खडे किती, दूधवाल्याची म्हैस काय खाते, हे सगळं आठवड्याभरात विचारून संपलं. मग साडूंनी कॉलेज रोडवर कॉम्प्युटरचा क्लास लावला, नातवंडं शोभतील अशा मुलामुलींच्या शेजारी बसून वेबसाइट करायला शिकले आणि एका संध्याकाळी आम्हा उभयतांना चहाला बोलावून जाहीर केलं, "हिच्या मेतकुटाची वेबसाइट काढतोय."

ताईंचं मेतकूट आमच्या नात्यागोत्यात प्रसिद्ध होतं. मऊ भात, वर तूप आणि ते मेतकूट असलं की आजारी माणूससुद्धा बरं व्हायची घाई करत नसे. पण त्याची कीर्ती कॉलनीच्या कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीपलीकडे जावी, असं ताईंना कधी वाटलं नव्हतं.

"अहो, चार डबे करते मी, ते चार घरी जातात. त्याची जाहिरात कशाला?" त्या म्हणाल्या.

"जाहिरात नाही. माहिती," साडू म्हणाले.

आणि खरोखरच ती माहितीच होती. डाळी कुठल्या, भाजायला वेळ किती लागतो, हिंग कोणता, आणि शेवटी एकच वाक्य, 'आमच्याकडील मेतकूट बरे असते.' मी सुचवलं, निदान 'उत्कृष्ट' तरी लिहा. साडूंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "बाकीच्यांची सगळी खाऊन पाहिलीत का आपण?" ताई आतून म्हणाल्या, "राहू द्या हो. लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच बरं म्हणालेत. तेही मला नाही, साऱ्या जगाला."

आता ही वेबसाइट ठेवायची कुठे, हा प्रश्न आला. तुम्हीआम्ही अशा वेळी कुणालातरी विचारून मोकळे होतो. साडू जागा बघायला निघाले. आधी एका फुकट जागेवर ठेवून पाहिली. पण त्या फुकट जागेवाल्याने मेतकुटाच्या डोक्यावर टक्कल घालवण्याच्या औषधाची लुकलुकणारी जाहिरात लावली, आणि एका मावसबहिणीने फोन करून मेतकूट लावायचं की खायचं असं विचारलं. मग शहरातल्याच एका तरुणाचा पत्ता लागला. तो आपल्या फ्लॅटच्या एका खोलीत सर्व्हर ठेवून लोकांच्या वेबसाइट सांभाळायचा. साडू मला घेऊन तिथे गेले. खोलीत एसी गुणगुणत होता, टेबलावर दोन काळे डबे होते, त्यांना हार घातलेला होता. साडूंनी भिंतीवरून हात फिरवून ओल पाहिली, वरच्या मजल्यावर कोण राहतं, त्यांचं न्हाणीघर नेमकं कुठे येतं, हे विचारलं. मग म्हणाले, "लाइट गेल्यावर काय?"

"काका, बॅकअप आहे. सेकंदभरही बंद पडत नाही."

"अस्सं," म्हणत साडू दाराकडे गेले आणि त्यांनी मेन स्विच खाली ओढला.

त्या दुपारी नाशिकमधली कितीतरी मंगल कार्यालयं, एक वधूवर सूचक मंडळ आणि दोन द्राक्ष बागायतदार इंटरनेटवरून नाहीसे झाले. तो तरुण अंधारात टेबलाखाली शिरून वायरी चाचपत होता, आणि साडू वरून त्याला शांतपणे सांगत होते, "घाबरू नका, मी फक्त बघत होतो." लाइट आल्यावर त्याने हात जोडले. "काका, तुम्ही दुसरीकडे बघा."

शेवटी साडूंनी अमेरिकेतली एक कंपनी निवडली. लाइट जात नाही म्हणून नव्हे, तर तिथल्या मदतनिसाला त्यांनी फोन करून भूकंप होतो का, पूर येतो का, शेजारच्या वेबसाइट कोणत्या धंद्यातल्या आहेत, हे सगळं विचारलं आणि त्याने न चिडता उत्तरं दिली म्हणून. फोन ठेवून साडू म्हणाले, "घरंदाज माणूस आहे."

वेबसाइट उभी राहिली आणि तिच्याकडे कुणी फिरकेना. पानाच्या तळाशी आलेल्यांची संख्या दाखवणारा आकडा होता. तो वाढायचा, पण दर वेळी साडूंनीच उघडून पाहिल्यामुळे. सर्चमध्ये 'मेतकूट' टाकलं तर साडूंची वेबसाइट इतक्या मागच्या पानावर यायची की तिथवर जाताजाता चहा थंड होई. मग ते शहरातल्या सायबर कॅफेंमधून हिंडू लागले. अर्धा तास बसायचे, तिथल्या प्रत्येक कॉम्प्युटरवर मेतकुटाचं पान उघडून ठेवायचे आणि मान खाली घालून निघून जायचे. परीक्षेचा निकाल बघायला आलेल्या पोरांना आधी हिंगाची माहिती वाचावी लागे. हळूहळू कॅफेवाले त्यांना लांबूनच ओळखू लागले आणि दारातच "मशीन खाली नाही, काका" म्हणू लागले.

अशा हताश अवस्थेत त्यांना नाशिकच्याच द्वारका चौकात एका ट्रान्सपोर्ट ऑफिसच्या वर बसणारा तज्ज्ञ भेटला. तो वेबसाइट पहिल्या पानावर आणून द्यायचा. खालून ट्रकचे हॉर्न, वर तज्ज्ञाचा आवाज. "काका, लोक मेतकूट शोधतच नाहीत. लोक जे शोधतात ते लिहा. यंदा कुंभमेळा आहे. लॉज, धर्मशाळा, घरगुती निवास, टॅक्सी, रामकुंड, हे शब्द टाका."

"पण आमच्याकडे यातलं काहीच नाही."

"पण दिसणारच नाही ना ते! पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरांत टाकायचं. माणसाला दिसत नाही, मशीनला दिसतं."

'उत्कृष्ट' लिहायला तयार नसलेला हा माणूस त्या दिवशी कसा विरघळला, मला अजून कळलेलं नाही. आकडा वाढत नव्हता, हेच खरं कारण असेल. त्यांनी घरी येऊन हिंगाच्या परिच्छेदाखाली सगळं तीर्थक्षेत्र पांढऱ्या अक्षरांत पुरून टाकलं. आणि थोड्याच दिवसांत 'नाशिक निवास' असं शोधणाऱ्याला पहिल्या पानावर ताईंचं मेतकूट दिसू लागलं. साडूंनी पेढे वाटले.

मग पानावर दिलेल्या नंबरवर फोन सुरू झाले. कुणाला खोली हवी, कुणाला गाडी. साफ नाही म्हणणं साडूंच्या स्वभावात नव्हतं. ते आधी चौकशी करत. माणसं किती, जिना चढवतो का, तिखट चालतं का, आणि मग बिचाऱ्याला नाही सांगत. एकदा अमेरिकेतून एका मुलाचा फोन आला. त्याचे आईवडील इंदूरला राहत होते आणि त्यांना सिंहस्थाला यायचं होतं. साडूंनी त्याच्याशी बराच वेळ गप्पा मारल्या. मराठीच कुटुंब निघालं. फोन ठेवताना ते सवयीने म्हणाले, "या ना, घर आपलंच आहे." आपण सगळेच असं म्हणतो. पण अमेरिकेत राहून त्या मुलाला हे विसरायला झालं असावं.

एका सकाळी दारात रिक्षा थांबली आणि तीतून आजीआजोबा बॅगांसह उतरले. आजी नऊवारीतल्या, ठेंगण्या, हसऱ्या. आजोबा उंच, कोट घातलेले आणि जरा हरवल्यासारखे. ताईंनी साडूंकडे ज्या नजरेने पाहिलं ती मी पाहिली नाही याबद्दल मी देवाचा ऋणी आहे. गाव माणसांनी तुडुंब भरलेलं, धर्मशाळेत पाय ठेवायला जागा नव्हती. साडू हळूच म्हणाले, "पाटी आपण लावली होती. त्यांची काय चूक?" आणि आपली खोली त्यांना देऊन स्वतः बाहेर कॉम्प्युटरच्या टेबलाशेजारी सतरंजी टाकली.

चौकशी अर्थातच सुरू झाली. आजोबांचं औषध, चष्म्याचा नंबर, पाय कोणता दुखतो, सगळं साडूंनी आजींना विचारून घेतलं. आजोबांना विसरायला होत असे. कधी स्वतःचं नावही आठवत नसे. फक्त सकाळचे पोहे मात्र ते कधी विसरत नसत, आणि त्यावर शेव आणि जिरावण म्हणजे इंदूरचा मसाला नसेल तर भांडत. ताईंनी दुसऱ्या दिवशी पोह्यांवर शेव घातली. तिसऱ्या दिवशी आजी स्वयंपाकघरात मेतकुटाच्या डाळी भाजत होत्या आणि ताई त्यांना "आई" म्हणत होत्या.

पर्वणीच्या आदल्या दिवशी ताई दोघांना गंगेवर घेऊन गेल्या. गंगा म्हणजे गोदावरीच, आम्ही नाशिककर तिला तसंच म्हणतो. आजोबांना कपड्यांपाशी पायरीवर बसवून दोघी पाण्यात उतरल्या. बाहेर येऊन पाहतात तो कपडे आहेत आणि आजोबा नाहीत.

ताईंनी बूथवरून घरी फोन केला. लागेना. पुन्हा पुन्हा केला. इंटरनेट चालू असलं की त्या काळी फोन बंद असे. शेवटी त्यांनी आमच्याकडे केला. मी स्कूटर काढून इंदिरानगरला पोहोचलो, तर साडू टेबलाशी बसून चेहऱ्यावर उजेड घेऊन म्हणाले, "या! 'नाशिक धर्मशाळा' टाकलं तरी आता आपणच पहिले!"

"साडूभाऊ, आजोबा हरवले. ताई तासभर फोन करताहेत."

साडूंनी त्या पडद्याकडे पाहिलं, मग फोनच्या वायरीकडे. वायर उपटली आणि चप्पल न घालताच स्कूटरवर बसले.

घाटावर आजी येणाऱ्याजाणाऱ्याला कोटाची खूण सांगत होत्या. ताई रडत होत्या. लाउडस्पीकरवर हरवलेल्यांची नावं एकामागून एक पुकारत होते. "नाव पुकारून काय उपयोग?" साडू म्हणाले, "त्यांना ते आठवायला तर हवं." आणि ते सरळ पोह्यांच्या गाड्यांकडे वळले. प्रत्येक गाडीवर तोच प्रश्न. "इथे कुणी आजोबा पोह्यांवरून भांडले का?" लोक हसत होते. गर्दीत अनवाणी पाय तुडवले जात होते. पंचवटीच्या बाजूला एका गाडीवाल्याने झारा खाली ठेवला. "भांडले म्हणजे? शेव नाय म्हणून मला लय बोलले! तिकडं गेले, त्या बंद दुकानाकडं."

दुकानाच्या पायरीवर आजोबा बसले होते, डोक्यावर रुमाल, चेहऱ्यावर राग.

साडूंना बघताच ते म्हणाले, "बरं झालं आलात. या गावात पोहे करता येणारा माणूसच नाही का?"

"आजोबा, तुम्ही हरवला होतात."

"मी कुठे हरवलो? मी तर इथेच आहे."

साडू त्यांच्याशेजारी पायरीवर बसले आणि त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. आजोबा त्यांच्या पाठीवर थोपटत होते.

त्याच संध्याकाळी साडूंनी पांढरी अक्षरं खोडली. मी शेजारी होतो. ती दिसावीत म्हणून ते एकेका शब्दावर माऊस ओढून तो निळा करत आणि पुसत. ताई दारात येऊन म्हणाल्या, "राहू द्या की. अजून कुणी आलं तर आलं." एकही डबा विकला गेला नव्हता, पण त्यांना हा गोतावळा आवडू लागला होता. साडू म्हणाले, "दर वेळी सापडेलच असं नसतं गं." आठवड्याभरात ती वेबसाइट जिथून आली होती त्या मागच्या पानांवर परत गेली. तळाचा आकडा पूर्वीसारखाच, फक्त साडूंपुरता वाढू लागला.

पुढच्या पावसाळ्यात इंदूरहून फोन आला, आजोबा गेले. आणि थंडीत आजी एकट्याच आल्या. स्नान नाही, पर्वणी नाही, नुसत्या ताईंकडे चार दिवस राहायला. साडूंबरोबर मीही नाशिकरोड स्टेशनवर त्यांना आणायला गेलो. गाडीतून उतरताना त्या आधीपेक्षा ठेंगण्या वाटल्या. साडूंनी बॅग घेतली. "चला, ही वाट बघतेय," एवढंच म्हणाले. तिघेही रिक्षात बसलो. द्वारकेला वाहनं अडकली होती. आजी बाहेर बघत होत्या.

"केवढी गर्दी हो इथे," त्या म्हणाल्या.

"रोजचीच आहे," साडू म्हणाले आणि आजींची बॅग मांडीवर जरा आणखी जवळ ओढून घेतली.