उन्हाचा पैरा

चांगलं ऊन पडलेलं असताना ज्याला सुखानं जेवता येत नाही असा माणूस अख्ख्या कोल्हापुरात एकच, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघाला. आपण जेवतोय तोवर वर गच्चीत ऊन फुकट चाललं असेल, या काळजीनं मामा आमटीच्या वाटीसकट जिना चढायचे. फौंड्रीत लाकडी साचे घडवण्यात त्यांची हयात गेली. निवृत्त झाल्यावर फंडाच्या पैशात घरावर मजला चढणार, असं मामींनी शेजारणींना सांगूनही टाकलं होतं. प्रत्यक्षात चढल्या त्या सोलरच्या चार पाट्या, आणि खाली देवघराशेजारी ट्रकला लावतात तसल्या सहा बॅटऱ्या. "लोकं घरात सून आणत्यात, ह्यांनी शिसं आणलंय," असं मामी येईल त्या पाहुण्याला ऐकवत.

भारनियमनाचे दिवस होते. भर उन्हाळ्यात दुपारभर वीज नसायची, सगळ्या गल्लीत मामांचाच पंखा फिरायचा. पंख्यापेक्षा डोकं जास्त फिरलंय, असं माझं तेव्हाचं प्रामाणिक मत होतं. कारण त्यांनी रुपयांत बोलणंच सोडून दिलं होतं. किलोभर मटण म्हणजे दोन दुपारचं ऊन. मामींनी नवं लुगडं घेतलं तर "आठवड्याचं ऊन नेसलीस की!" श्रावणात आभाळ भरून आलं की ते दाराशी आलेल्याला "आज आम्ही गरीब हाय" असं सांगत, आणि उघडीप मिळाली की त्यालाच हाक मारून चहा पाजत. बरं, वीज विकतील म्हणावं, तर तेही नाही. शेजारच्या शिंपीचाचांना त्यांनी मशीनसाठी भिंतीवरून वायर दिली. चाचांनी पैसे विचारले तर मामा उखडले. "शेतात पैरा असतोय तसं हे. आज मी तुमच्यात राबतो, उद्या तुम्ही माझ्यात राबा. पैशाचं नाव न्हाय." चाचांनी पैरा फेडला तो बुशशर्ट शिवून, आणि त्यांच्याकडं एकच तागा शिल्लक असल्यामुळं मामा पुढची चार वर्षं रोज एकाच कॉफी रंगात दिसले.

मी कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत, एका कारखान्याच्या हिशेब खात्यात. मामांना शह द्यायचा म्हणून वर्षभर रविवारी ओव्हरटाइम केला आणि इन्व्हर्टर घेतला. मामा बघायला आले. बैल बघावा तसा त्यांनी तो चारी बाजूंनी बघितला.

"पावणं, ह्यो कशासाठी घेतलासा?"

"रविवारी दुपारी पंख्याखाली निवांत पडायला."

"आणि रविवारी तुम्ही असतासा कुठं?"

"कंपनीत," मी म्हणालो. मामा चहा पिऊन गेले. या हिशेबात नेमकी चूक कुठं आहे, ते हिशेब खात्यातल्या मला अजून सापडलेलं नाही.

पुढच्याच उन्हाळ्यात माझ्या वडिलांचा दमा बळावला. औषधाची वाफ देणारं मशीन आणलं, पण ऐन दुपारी वीज गायब, आणि माझा इन्व्हर्टर चार दिवसांत धाप टाकायला लागला. त्याचं पोट विजेवरच भरायचं, आणि त्या उन्हाळ्यात रात्रीचीही वीज धड नव्हती. पाचव्या दिवशी मामा मोपेडवर पायाशी बॅटरी ठेवून दारात हजर. त्यानंतर पाऊस लागेपर्यंत रोज भरलेली बॅटरी आणून इन्व्हर्टरला जोडायची, रिकामी न्यायची. वडील मशीनची नळी नाकाशी धरून म्हणायचे, "आज जरा कडक ऊन आणलंयस बघ." त्यांना धाप लागली की मामा नळी आपल्या हातात धरायचे. मी त्या वेळी ऑफिसात असायचो. हे सगळं मला बायकोकडून कळायचं.

वडील त्यातून उठले. मी पाकिटात पैसे घालून मामांकडं गेलो. मामांचा चेहराच पडला. "माझ्या उन्हाला दर लावताय व्हय?" मी ओशाळून म्हणालो, मग पैरा फेडतो. "तुम्हाला काय येतंय?" मी खूप आठवून बघितलं. व्हाउचर लिहिता येतं, एवढंच आठवलं. मामा म्हणाले, "मग रविवारी या. पाट्या पुसू."

ओव्हरटाइम काही सुटेना, आणि तो रविवार यायला काही वर्षं गेली, याची मला आजही लाज वाटते. तोवर भारनियमन सरलं, चाचांनी वायर गुंडाळून परत दिली, बॅटऱ्या एकेक करून भंगारात गेल्या. मामांचे गुडघेही गेले. आता मी ओव्हरटाइम सोडून दर रविवारी त्यांच्या गच्चीत ओलं फडकं घेऊन कशालाही न जोडलेल्या पाट्या पुसतो. याला काम म्हणायचं की काय, आणि असल्यास कोणाचं, मला सांगता येणार नाही. मामा खाली त्याच, आता विटलेल्या कॉफी रंगाच्या बुशशर्टात खुर्चीवर बसून ओरडतात, "कोपरं पुसा, कोपरं! बॅटरी मेली म्हणून ऊन यायचं थांबलंय व्हय?"

परवा खाली उतरल्यावर मी विचारलं, "मामा, फिटला का माझा पैरा?"

मामांनी माझ्याकडं बघितलं. मग मामींना दोन कप चहा टाकायला सांगितला, आणि कधी नव्हे ते हळू आवाजात म्हणाले, "न्हाय अजून."

मला फार बरं वाटलं.