बटणासाठी शिवलेला खिसा

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, कपडे शिवणारे. पण तोंड असं, की शाळेतल्या मास्तरांनीही मुकाट्याने बाकावर बसावं. दुकान एवढंसं. मशीन, कापायचं टेबल आणि उभा आरसा मावल्यावर गिऱ्हाइकाने श्वास घ्यायचा तर बाहेर जाऊन घ्यावा. त्यात भिंतभर मुलाचे फोटो. मुलगा मोठ्या लीगमधला गोलकीपर. मास्तर गिऱ्हाइकाच्या कमरेभोवती टेप गुंडाळायचे आणि मुलाने अडवलेल्या पेनल्टीची गोष्ट सुरू करायचे. टेप त्यांच्या हातात, माणूस पळणार कुठे?

तोच मुलगा फसवणूक केली म्हणून पकडला गेला आणि त्याच्यावर एक वर्षाची बंदी आली.

झालं होतं असं. सामना संपत आला असताना समोरच्या संघाला पेनल्टी मिळाली. मुलाने बॉल उचलला, पोटाशी धरला, पंचांशी हुज्जत घातली आणि बऱ्याच वेळाने तो परत दिला. समोरच्याने जीव खाऊन लाथ मारली, पण बॉल मेल्यासारखा घरंगळत आला आणि मुलाने तो अलगद उचलला. मैदानाच्या कडेला उभ्या असलेल्या लाइनमनला शंका आली. त्याने बॉल दाबून पाहिला, तर मऊ. सामन्यानंतर तो खेळाडूंच्या खोलीत गेला, बाकावर पडलेले मुलाचे ग्लव्हज उचलले आणि आत बोटं घातली. मनगटापाशी शिवलेल्या खिशात बॉलमध्ये हवा भरायची सुई होती. त्याच सुईने हवा सोडताही येते.

लीगच्या समितीने बंदी घातली. अपील समितीने ती कायम केली. मग वकीलबाई आल्या आणि प्रकरण कोर्टात गेलं.

या सगळ्या काळात मास्तरांनी मुलाची जी बाजू घेतली, तशी वकीलबाईंनीसुद्धा घेतली नसेल. शेजारचा इस्त्रीवाला नुसता "काय मास्तर, काय म्हणतेय केस?" म्हणाला की झालं. "केस कसली? कारस्थान आहे! ज्यांना धड लाथ मारता येत नाही, ते माझ्या पोराच्या नावाने बोंबलतात. सुई काय, उद्या त्याच्या ग्लव्हजमधून शिलाई मशीन काढतील!" इस्त्रीवाला हसायचा आणि मास्तरांना वाटायचं, पटलं याला.

आता सांगायलाच हवं, की तो खिसा मास्तरांनीच शिवला होता. बायको जाऊन फार दिवस झाले नव्हते, तेव्हा मुलगा एकदा ग्लव्हज घेऊन दुकानात आला. "बाबा, यात आतून एक खिसा शिवून द्या ना. आईच्या कोटाचं बटण ठेवायचंय. मैदानात ती बरोबर असल्यासारखं वाटेल." मास्तरांना भरून आलं. चष्मा पुसत पुसत त्यांनी माप विचारलं. मुलाने बोट दाखवलं, एवढा लांब, आणि अगदी अरुंद. "बटणाला एवढा लांब कशाला रे?" "उड्या मारताना पडायला नको." मास्तरांनी मान डोलावली आणि दुहेरी शिवण घातली.

ज्याने आयुष्यभर खिसे शिवले, त्याला बटणाचा खिसा कसा असतो हे माहीत नसेल? पण बापाच्या डोक्यात शिंपी शिरायला मागत नव्हता. पेपरात सुईची बातमी आली तेव्हाही त्यांनी स्वतःला बजावलं, खिशात बटण होतं, सुई कोणीतरी नंतर घातली. मुलाला मात्र त्यांनी एकदाही विचारलं नाही. विचारायची भीती वाटते तिथेच माणूस जास्त मोठ्याने ओरडतो, तसे ते गावभर ओरडत राहिले.

आणि ओरडता ओरडता त्यांनी एक नीच काम केलं. तो लाइनमन त्यांचं जुनं गिऱ्हाईक. एरवी पाणीखात्यात मीटर वाचायचा, सुट्टीच्या दिवशी हातात झेंडा घेऊन मैदानाच्या कडेने धावायचा. सरळ माणूस, शिलाईत कधी घासाघीस नाही. त्याने मुलीच्या लग्नासाठी सुटाचं कापड टाकलं होतं. बंदीनंतर तो सूट न्यायला आला, तेव्हा दुकानात आणखी दोघं-तिघं होती. मास्तरांनी अर्धवट कापलेले तुकडे गोळा केले आणि त्याच्या हातात कोंबले. "माझ्या मुलाला डाग लावणाऱ्याचे कपडे या दुकानात शिवले जात नाहीत. जा, लीगवाल्यांकडून शिवून घे."

"मास्तर, मी पाहिलं ते सांगितलं," तो एवढंच म्हणाला. एक बाही खाली पडली होती. ती त्याने वाकून उचलली आणि गेला. बाकीच्यांनी मास्तरांकडे कौतुकाने पाहिलं. त्या दिवशी मास्तर दोन घास जास्तच जेवले.

कोर्टाच्या तारखेला मास्तरांनी दुकान बंद ठेवलं आणि स्वतःच शिवलेला काळा कोट चढवला. पहिल्या रांगेत जाऊन बसले. मनात होतं, आज सगळ्या जगासमोर सांगितलं जाईल की माझ्या पोराने काही केलेलं नाही. हे एक वाक्य कानावर पडावं म्हणून ते किती महिने जीव मुठीत धरून बसले होते, ते त्यांनाच ठाऊक.

वकीलबाई उठल्या. बोलायला फर्ड्या. ग्लव्हज खेळाडूच्या गैरहजेरीत उचलले, असं त्या म्हणाल्या. उचलताना दुसरा साक्षीदार नव्हता. लीगच्याच नियमाप्रमाणे अशी वस्तू पुरावा म्हणून धरता येत नाही. अपील समितीत बसलेला एक जण आधीच्या समितीतही होता. मास्तर कान टवकारून वाट पाहत होते. आता म्हणतील, आता म्हणतील. वकीलबाई घोटभर पाणी प्यायल्या, "एवढंच सांगायचं आहे," म्हणाल्या आणि खाली बसल्या.

मास्तरांनी शेजारी बसलेल्या, वकीलबाईंच्या मदतनिसाला कुजबुजत विचारलं, "अहो, त्याने केलं नाही, हे राहिलं ना सांगायचं?"

"ते कशाला सांगायचं, काका?" तो म्हणाला. "त्यात शिरलो तर हरू."

तेवढ्यात कारकुनाने ग्लव्हजची पिशवी टेबलावर ठेवली. पारदर्शक पिशवी, त्यात एक ग्लव्ह उलटा करून ठेवलेला, आतली बाजू वर. मास्तरांनी आपली शिवण ओळखली. समोर मुलाचा चेहरा नव्हता, बायकोची आठवण नव्हती, नुसता टेबलावर पडलेला एक खिसा होता. बोटभर लांब, अरुंद. शिवणकामाचा पहिला धडा घेणाऱ्यालाही विचारलं असतं, यात काय मावेल, तर त्याने सुईच सांगितली असती. आपण रडत रडत, बायकोच्या नावाने, पोराला चोरकप्पा शिवून दिला. त्यांना वाटलं, कोर्टातला प्रत्येक माणूस आपल्या हातांकडे बघतोय. त्यांनी हात कोटाच्या खिशात घातले. एकदा वाटलं, उठावं आणि सांगावं. पण ते बसूनच राहिले.

जज्जांनी बंदी रद्द केली. कारण तेच, पद्धत चुकली.

बाहेर फोटोवाल्यांनी मुलाला घेरलं. त्याने मास्तरांना ओढून जवळ घेतलं आणि मास्तरांचा हसरा फोटो निघाला. तो दुसऱ्या दिवशी पेपरात आला, इस्त्रीवाल्याने कापून दुकानाच्या दारावर डकवला.

निकालाच्याच संध्याकाळी मुलगा घरी आला तेव्हा मास्तरांनी दार लोटून घेतलं. "आता मला सांग. तू केलंस का?"

"बाबा, कोर्टाने काय सांगितलं ते ऐकलंत ना?"

"कोर्टाला नाही विचारत, तुला विचारतोय. आईचं बटण कुठाय?"

मुलगा बराच वेळ मोबाईलशी चाळा करत राहिला. "सगळेच काही ना काही करतात हो," तो म्हणाला. मग खालच्या आवाजात, "तो खिसा तुम्ही शिवलात हे कुणाला बोलू नका. लीग वरच्या कोर्टात अपील करणार आहे."

मास्तरांनी त्याला जेवायला वाढलं. दुसरं काय करायचं ते त्यांना सुचलं नाही.

त्यानंतर जो तो अभिनंदन करायला येऊ लागला. शिव्या पडल्या असत्या तर सोसल्या असत्या, पण हे शाबासकीचे हात पाठीवर पडले की मास्तरांना मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. गिऱ्हाइकाच्या कमरेला टेप लावून ते गप्प उभे राहायचे. अशातच इस्त्रीवाल्याने खबर आणली. "मास्तर, त्या लाइनमनला लीगने काढून टाकलं बरं का! नियम मोडून ग्लव्हज उचलले म्हणून. चांगली जिरली!" आणि टाळीसाठी हात पुढे केला. मास्तरांनी हातातली कात्री खाली ठेवली आणि तसेच उठले.

लाइनमनचं घर दोन गल्ल्या पलीकडे, जिना चढून. दार त्यानेच उघडलं. घरात टीव्ही चालू होता. त्याने मास्तरांना आत बोलावलं नाही, पण दारही लावलं नाही.

"तो खिसा मीच शिवला होता," मास्तर म्हणाले. "तुम्ही खरं बोललात. मी तुमचा सगळ्यांदेखत पाणउतारा केला. मला तोंड दाखवायची लाज वाटते."

लाइनमनने हातातल्या रिमोटने टीव्ही बंद केला. मग म्हणाला, "वरच्या कोर्टात अपील आहे. तिथे सांगाल?"

मास्तरांनी तोंड उघडलं. मुलगा डोळ्यांसमोर आला, जेवताना मान खाली घातलेला.

"मुलगा आहे हो माझा."

"मग मला तरी कशाला सांगितलंत, मास्तर?" तो चिडून बोलला असता तर बरं झालं असतं. थकल्यासारखा बोलला. "आतापर्यंत मला वाटायचं, तुम्हाला माहीत नाही. बाप आहे, बोलणारच. म्हणून मला तुमचा राग नव्हता. तुमचं मन हलकं करायला माझंच घर सापडलं का?"

त्याने दार आवाज न करता लावून घेतलं.

मास्तर जिना उतरून रस्त्यावर आले. पलीकडून कोणीतरी सायकलवरून जाता जाता ओरडलं, "मास्तर, अभिनंदन! जिंकलात!" आणि सवयीने मास्तरांचा हात वर गेला.