जागा मोकळी ठेवा

"तुमच्या बुलढाण्यात नदी वर चढते वाटतं?"

पुण्याच्या ऑफिसात संपादक असं म्हणाला अन् टेबलाभोवतीचे सारे हासले. समोर मी काढलेला नकाशा होता. पोरायच्या पुस्तकासाठी एक मनातला देश पाह्यजे होता. राजे, जादूगार, बोलणारे पक्षी, राजाशी लढणाऱ्या काळ्या टोळ्या, सारं खोटं. त्या देशाचा नकाशा काढायचं काम मले भेटलं होतं. माझं पहिलंच मोठं काम. आठ दिवस जेवणाचं भान नव्हतं मले.

मी म्हटलं, "वर नाही सर, उताराले जाते."

"उताराले!" बाजूची बाई म्हणाली. पुन्हा सारे हासले.

मी नांदुरा तालुक्यातली. आमच्याकडं डोंगर दक्षिणेले. तिथून निघालेली नदी उत्तरेले जाऊन पूर्णेले मिळते. कागदावर पाह्यलं तं खालून वर. लहानपणापासून तीच पाह्यली, म्हणून मनातला देश काढाले बसली तं हातातून तीच निघाली. त्यात काय चुकलं, सांगा बरं? पण तिथं तोंड उघडलं नाही. बोलली असती तं पुन्हा माझ्या बोलीलेच हासले असते.

संपादकानं समजावलं. लहान लेकराले समजावते तसं. "अशा पुस्तकांच्या नकाशांची एक पद्धत असते. डोंगर उत्तरेला. समुद्र पश्चिमेला. नदी वरून खाली. राजधानी वरच्या अंगाला. आणि या काळ्या टोळ्या," त्यानं पेनाचं टोपण खालच्या कोपऱ्यात ठेवलं, "या इथं. नदीच्या शेवटी, दलदलीत. त्यांच्या गावांना तुम्ही नावं दिलीत, ती काढून टाका. रस्तेही नकोत. जागा मोकळी ठेवा."

हे मी आधी ऐकलं होतं.

चौथीत होती मी. गुरुजीनं गावाचा नकाशा काढाले लावला. मी शाळा काढली, मंदिर काढलं, पाटलाचं घर, पाण्याची टाकी, नदी. मंग नदीच्या खालच्या अंगाले आमची वस्ती काढाले घेतली. आमची म्हणजे बौद्धायची. गावाची म्हशी-बैलं धुऊन झाली, कपडे धुऊन झाले, की मंग ते पाणी आमच्या घाटावर यायचं. कोणी वसवलं असं? ज्यायले आधी पाणी पाह्यजे होतं त्यायनं. मी विहार काढलं, आमचं घर काढलं, दारात मायची चूल काढली. गुरुजी मागं येऊन उभे राह्यले.

"तिकडचं काऊन काढून राह्यली वं? तिकडं काय हाये पाह्याले? खोड ते. जागा मोकळी ठेव."

खोडलं. खोडरबरानं मी माझंच घर खोडलं. मायची चूलही. तो नकाशा वर्षभर वर्गाच्या भिंतीवर होता, सगळ्यात चांगला म्हणून. अन् मले त्याचा आनंद झाला होता. सांगताना आज लाज वाटते.

अन् पुण्यात काय केलं मी? तेच. अंग जळत होतं, तरी "बरं सर" म्हटलं. हे काम गेलं असतं तं मले दुसरं कोण देणार होतं? नदी उलटी केली. नावं काढून टाकली. पुस्तक छापून आलं, नकाशाखाली बारीक अक्षरात माझं नाव.

गावी नेलं. बाबानं चष्मा लावला, नकाशावर बोट फिरवलं. डोंगर, राजधानी. बोट नदीसंगं खाली गेलं अन् कोपऱ्यात थांबलं.

"इथं कोण राह्यते?"

"वाईट लोक, बाबा. गोष्टीतले."

"गावं नाहीत यायले?"

"हायेत. पण नावं द्याची नाहीत म्हणाले."

बाबानं पुस्तक मिटलं, बाहीनं पुसलं, माझ्या हातात दिलं. शिव्या दिल्या असत्या तं बरं झालं असतं.

मंग त्याच पुस्तकाच्या दुसऱ्या भागाच्या नकाशाचं काम आलं. मी त्या कोपऱ्यात सात गावं काढली. सातही गावायले नावं दिली, रस्ते दिले, घाट दिले. अन् डोंगर दक्षिणेले आणून नदी पुन्हा उत्तरेले सोडली. म्हणजे आता पाणी आधी त्यायले, मंग राजधानीले. पाठवून दिला.

संपादकाचा फोन आला. "अहो, हे काय केलंत? ती खरी माणसं नाहीत. कशाला एवढं मनाला लावून घेता?"

"आमी तं खरे होतो, सर. तरी जागा मोकळीच ठेवाले लावली होती."

त्याले काही समजलं नाही. म्हणाला, "मग दुसऱ्या कोणाकडून करून घेतो."

"घ्या," म्हटलं.

काम गेलं. दुसऱ्या कोणी नकाशा काढला, त्यायले पाह्यजे तसा. पहिलं पुस्तक अजून दुकानात हाये, माझ्या नावासंगं अन् त्या कोऱ्या कोपऱ्यासंगं. ते मले परत घेता येत नाही. रडली मी, खोटं काऊन सांगू? माझ्या रडण्यानं त्यायचं काही अडलं नाही.

पण दोनदा खोडलं ह्या हातानं. एकदा गुरुजीच्या धाकानं, एकदा काम जाईन म्हणून. तिसऱ्यांदा खोडणार नाही. वस्ती काढीन तं नावानिशी काढीन, नाही तं नकाशाच काढणार नाही.