नानीचा चेहरा कुणी धुतला?

शाळेने माझ्या भाचीला फसवलं. घरातल्या थोर माणसावर चित्रकथा काढा, असं मुलांना सांगितलं होतं. आमचं सिद्दी घर, पूर्वज आफ्रिकेतून या किनाऱ्यावर आलेले. शबानाने तिची नानी, म्हणजे माझी आई काढली. होडीतून खाडीपलीकडे बाळंतपणं करायला जाणारी, काळीभोर. परवा त्या चित्रकथांचं पुस्तक छापून आलं, तर नानी गव्हाळ झालेली.

शबानाने आपला हात पानावर नानीच्या गालाशेजारी ठेवला आणि बघत राहिली.

मी नारळाचा व्यापारी. हातगाडीपासून वखारीपर्यंत आलो, तो कुणाच्या गोड बोलण्याला न भुलता. मालाचं कौतुक फार व्हायला लागलं की मी पोतं उपडं करून बघतो. चित्रकथा काढून घेताना शाळेतल्या बाई ‘तुमचा वारसा, तुमचा वारसा’ करत होत्या, तेव्हाच मला वास आला होता.

पुस्तक घेऊन शबानासोबत शाळेत गेलो. “चिडू नका शेठ,” बाई म्हणाल्या. “गडद रंगात चेहरा उठत नाही हो छपाईत.”

“मग होडीवरचा कावळा कसा उठलाय? त्याचा डोळासुद्धा दिसतोय.”

बाई कसनुशा हसल्या. शबानाने मलाच विचारलं, “मामू, मी नानीला चुकीचं काढलं का?”

माणूस आवडला की लोक त्याला मनातल्या मनात उजळ करून घेतात, असा माझा जुना संशय आहे. नानी शाळेवाल्यांना खरोखर आवडली असेल, आणि मला राग त्याचाच जास्त आहे. ज्याने कुणी माझ्या आईचा चेहरा धुतला, त्याने या पोरीसमोर उभं राहावं आणि तिच्या नानीत काय कमी होतं ते सांगावं.