सात हजार शंभरची मेर

सगुण भावोजींना पेडण्यात कुणी कधी वेडं म्हटलं नाही, यावरूनच पेडण्याचे लोक किती सोशिक ते कळतं. घराच्या कौलांपासून परसातल्या फणसापर्यंत ताणलेली तांब्याची तार, ओसरीलगतच्या खोलीत स्वतः जोडलेला वायरलेस सेट, आणि दिवेलागण झाली की त्या सेटसमोर बैठक. देवकी माझी थोरली बहीण. डिचोलीतलं दुकान बंद करून मी तिच्याकडे जायचो तेव्हा आम्ही दोघं जेवायला बसायचो आणि भावोजींचं ताट झाकलेलं असायचं.

नोकरी मोजणी खात्यात. आमच्याकडे शेताच्या हद्दीला मेर म्हणतात, आणि मेरेवरून हातभर जागेसाठी सख्खे भाऊ जन्मभर एकमेकांचं तोंड बघत नाहीत. असली भांडणं मिटवता मिटवता भावोजींच्या अंगातच मेर भिनली. हवेचीही मोजणी झालेली असते, हे मला त्यांनीच सांगितलं. सगळ्या देशांनी एकत्र बसून रेडिओलहरींचे पट्टे पाडलेत. विमानांचा वेगळा, जहाजांचा वेगळा, मोठमोठ्या प्रसारण केंद्रांचा वेगळा. हौशी मंडळींच्या वाट्याला मधले लहानसे तुकडे. त्यांचा आवडता पट्टा सात हजार किलोहर्ट्झला सुरू होई आणि सात हजार शंभरला संपे. पुढची जागा प्रसारणवाल्यांची.

“ऐकायला कुठंही जावं,” ते म्हणायचे, “पण बोलायचं ते आपल्या मेरेच्या आत. परवाना त्याचाच आहे.”

या पट्ट्यावर त्यांना एक मित्र मिळाला होता. कायतान, मडगावच्या एका इस्पितळात वीजकाम करणारा. रोज संध्याकाळी दोघांचं बोलणं व्हायचं. हवापाणी, तारेची उंची, कुठला व्हॉल्व जळला, एवढंच. हवेत राजकारण काढायचं नाही हा नियम. शहाऐंशी साली भाषेवरून गोवा पेटला तेव्हा भावोजी मराठीच्या मोर्चात आणि कायतान कोंकणीच्या. संध्याकाळी पुन्हा दोघं कोंकणीतून तारांविषयी बोलायला बसत. मी एकदा चिडवलं, तर म्हणाले, “मोर्चो वेगळो, हो पट्टो वेगळो.” मला त्या वेळी हसू आलं होतं.

त्याच वर्षी डिसेंबरात देवकीची लेक, माझी भाची सुविधा आजारी पडली. तिला मडगावात दिली होती. काविळीचं निमित्त झालं आणि जावयाने तिला इस्पितळात ठेवलं, कायतानच्याच. एवढा निरोप कसाबसा पेडण्याला पोचला आणि मग भाषेच्या आंदोलनात सगळं बंद पडलं. रस्त्यांवर झाडं आडवी, बसगाड्या नाहीत, पोस्टातला फोन लागेना. मांडवीवरचा पूल तर त्या पावसाळ्यातच कोसळलेला. देवकी सकाळपासून पातळ बदलून, पिशवी भरून ओसरीवर बसून होती.

संध्याकाळी भावोजींनी सेट लावला. पुढचं मला देवकीने सांगितलं, एकदाच, आणि आवाजही न चढवता.

अंधारून आलं की त्या पट्ट्यावर दूरच्या देशांतली दांडगी केंद्रं घुसतात. त्या दिवशी नेहमीच्या जागी नुसता गोंगाट होता. भावोजी कायतानला हाका मारत राहिले, उत्तर नाही. मग काटा हळूहळू वर सरकवत ते ऐकू लागले. सात हजार शंभर ओलांडलं, आणि सात हजार एकशे तीनवर कायतानचा आवाज लख्ख आला. त्याला तेवढीच शांत जागा सापडली होती.

सुविधाची तब्येत बिघडली आहे, ती आईला विचारते आहे, असं तो सांगत होता. इस्पितळाची गाडी पोलिसांसोबत फेरीबोटीतून म्हापशाला औषधं पोचवायला निघते आहे, ड्रायव्हर शेजारीच उभा आहे. तुम्ही येणार असाल तर गाडी पुढे तुमच्याजवळ धारगळपर्यंत येईल, नाहीतर म्हापशाहूनच परत फिरेल. येणार की नाही, तेवढं उत्तर दे. “सगुण, आयकता मरे? जाप दी.”

भावोजींनी हातात माइक घेतला. मग काटा खाली आणला, मेरेच्या आत, आणि तिथून ओरडू लागले, “कायतान, भितर यो! भितर यो!” त्या गोंगाटात कायतानला काय कपाळ ऐकू येणार! परत वर जाऊन ऐकलं तर तो विचारतोच आहे.

“अहो, तो आमच्या चेडवाचां नाव घेता,” देवकी म्हणाली. “जाप दिया त्येका.”

“थंय बोलूंक आमकां हक्क नाय,” ते म्हणाले, आणि पुन्हा काटा खाली आणून हाका मारू लागले.

कायतान बराच वेळ विचारत राहिला. मग म्हणाला की ड्रायव्हर आता थांबायला तयार नाही. गाडी म्हापशाहून परत गेली.

सुविधा दुसऱ्या दिवशी गेली. रस्ते मोकळे झाल्यावर आम्ही पोचलो तेव्हा जावयाने सगळं उरकलं होतं. देवकीला लेकीचं तोंड दिसलं नाही.

मला राग आला होता, अजून येतो. त्या माणसाला धरून गदागदा हलवावं असं वाटायचं. पण देवकीने भांडण काढलं नाही की रडून घर डोक्यावर घेतलं नाही. त्यांचं ताट ती झाकून ठेवतच राहिली. सहा महिन्यांत गोवा राज्य झालं, पेडण्यात मिठाई वाटली, तिने पुडा घेतला आणि शेजारणीच्या मुलांना दिला. भावोजी नोकरीवर जात, मेरा मोजत. संध्याकाळी कायतानशी हवापाण्याचं बोलत. त्या दिवसाचं त्याने विचारलं नाही आणि यांनी सांगितलं नाही. घरात तिघं असलो तरी कुणी नसल्यासारखं वाटायचं. मीही मग जाणं कमी केलं.

अशी वर्षं गेली. भावोजी निवृत्त झाले, माझे केस पिकले. गेल्या चतुर्थीला मी पेडण्याला होतो. संध्याकाळी सेटवर कायतान आला, त्याचाही आवाज आता म्हातारा झालेला. हौशी लोकांचा पट्टा वाढवला, म्हणाला. सगळ्या देशांनी बसून प्रसारणवाल्यांना वर सरकवलं. आता सात हजार दोनशेपर्यंत आपलं. इथे गर्दी आहे, वर ये.

भावोजींनी काटा फिरवला. सात हजार शंभरवर त्यांचा हात थांबला, मग पुढे गेला. कायतान तिथेच होता, एकशे तीनवर. मुद्दाम की सहज, देव जाणे.

“सगुण, आयकता मरे? जाप दी.”

देवकी भाजी चिरत होती. ती विळी आडवी करून उठली आणि खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. भावोजींनी तिच्याकडे पाहिलं, मग माइकचं बटण दाबलं.

“आयकतां,” ते म्हणाले, आणि कायतानला बोलायला सांगितलं. “उलय.”

देवकी वळली.

“गाडी कवांच गेली,” ती म्हणाली, आणि चिरायची राहिलेली भाजी चिरायला परत गेली.